सायकलच्या शॉकअपवर स्प्रे मारायला सांगणाऱ्यांनो, एकदा तो खोलून तरी बघा

सोसायटीच्या ग्रुपवर आला, ऑफिसच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर आला, परवा तर मावसभावाने पण तोच मेसेज पाठवला, "५ मिनिटांत शॉकअप नवा". त्यात सांगितलंय की पाइपवर दर आठवड्याला डब्ल्यूडी-४० स्प्रे मारा, वरचा नॉब फुल टाइट करा म्हणजे शॉकअप कडक होतो, शहरात कायम लॉक करूनच (म्हणजे दबणं बंद करून) चालवा, पुढून टकटक आली की चिमटा (पुढचं चाक धरणारा भाग, शॉकअप त्यातच असतो) गेला समजा, आणि शेवटी, स्वस्त शॉकअप रिपेअर होतच नाही, सरळ एअरवाला (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा) टाका. मी ऐरोलीला राहतो, १०० एमएम दबणारा साधा स्प्रिंगवाला शॉकअप ४ पावसाळे वापरलाय आणि पहिली दोन वर्षं यातले बहुतेक उद्योग मी स्वतः केलेत, म्हणून लिहितोय.

स्प्रेचं आधी, कारण सगळ्यात जास्त वाट त्यानेच लागते. या शॉकअपमध्ये महागड्यासारखं खाली तेल भरलेलं नसतं हो. चिमट्याच्या एका पायात स्टीलची स्प्रिंग, दुसऱ्यात लॉकचा जुगाड किंवा जवळपास काहीच नाही, आणि वरची नळी खालच्या पायात सरकते ती प्लास्टिकच्या बुशवर, तिथे जे काय आहे ते ग्रीस. डब्ल्यूडी म्हणजेच वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवायची वस्तू ती, सीलमधून (नळी पायात शिरते तिथल्या रबरी कड्यातून) आत गेली की आहे ते ग्रीस पातळ करून धुऊन काढते. दोन दिवस मस्त गुळगुळीत चालतं, तिसऱ्या दिवशी चर्र चर्र, मग आपण म्हणतो कमी मारला वाटतं, अजून मारतो.

मी शेवटी गॅलरीत पेपर पसरून खोलला. पुढचं चाक काढलं, ब्रेक सोडवला, प्रत्येक पायाच्या तळाला एक बोल्ट असतो (काहींना एलन लागतो, काहींना आत खोल नट असतो, त्याला लांब टी-पाना), तो पूर्ण न काढता थोडा सैल करून डोक्यावर रबरी हातोडीने हलके दोन ठोके, मग बोल्ट काढून खालचे पाय ओढले. तर अर्धा कप पाणी बाहेर, रंग कटिंग चहाचा! स्प्रिंगला गंज आणि ग्रीस म्हणजे ताटात वाळलेलं खरकटं. पाणी आलं कुठून, तर येऊरहून चिखल घेऊन आलो की मी बाइक धुणाऱ्याकडे सायकल द्यायचो आणि तो प्रेशरची गन बरोब्बर सीलवर धरायचा, वर मी त्याला थँक्यू पण म्हणायचो. काठीला फडकं गुंडाळून आतून पुसलं, सस्पेन्शनचं मऊ ग्रीस लावलं. इथे एक लक्षात ठेवा, प्रत्येक पायात बुश दोन असतात, एक सीलच्या खाली लगेच दिसतो आणि दुसरा खूप आत, लोक वरच्यालाच लावून बंद करतात. पहिल्यांदा दोन तास गेले, आता पाऊण तासात होतं, आणि पावसाळा संपल्यावर एकदा केलं की माझं वर्षभर भागतं.

नॉबचं थोडक्यात. त्याने स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते, बस, स्प्रिंग बदलत नाही. नळीवर प्लास्टिकची टाय बांधा, ती सीलपर्यंत खाली सरकवा, हळूच बसा, हळूच उतरा, टाय १५ ते २० एमएम वर सरकली असेल तर ठीक आहे. नॉब पूर्ण आवळूनही ३०-३५ दाखवत असेल तर तुमच्या वजनाला ती स्प्रिंगच मऊ आहे.

लॉकचा मुद्दा अर्धा बरोबर. पाम बीच रोडसारखा सपाट रस्ता असेल तर करा लॉक, पेडल मारताना डुलत नाही. पण घोडबंदर रोडला पावसाळ्यात खड्ड्यांतून लॉक करून जाणार असाल तर धन्य आहात, बऱ्याच स्वस्त लॉकना जोराचा दणका बसला तर सुटायची सोयच नसते, तो दणका सगळा आतल्या बारीक पार्टवर आणि मनगटावर.

टकटकीला घाबरून चिमटा बदललेले दोघं तरी मला माहितीयत. आधी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा आणि एक बोट हँडलखाली रेसच्या (चिमटा ज्यावर वळतो त्या बेअरिंगच्या) जोडावर ठेवा. तिथे हलतंय असं बोटाला कळलं तर रेस सैल आहे, चिमट्याचा काही संबंध नाही. स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बाजूचे बोल्ट आधी सैल करा, मगच वरचा बोल्ट आवळा, नाहीतर कितीही पिळा, प्ले (ढिलेपणा) जात नाही (जुन्या आट्यांच्या रेसला दोन मोठे पाने लागतात). आता बोट सीलपाशी ठेवा, तिथे नळी पायात हलत असेल तर मात्र बुश झिजलेत. आणि चाक उचलल्यावर एकदाच टक होत असेल तर ती स्प्रिंग परत येऊन आदळतेय, तिला आवरायला आत काही नसतं, चालू द्या.

राहिला एअरवाला. त्यात अर्ध्या सायकलचे पैसे, वेगळा पंप, आणि वर आजकालचे बहुतेक चिमटे खाली दीड इंची होत जाणाऱ्या नळीचे, तुमच्या फ्रेमचा पाइप सव्वा इंचाच्या आतल्या सरळ नळीसाठीचा, बसणारच नाही. फेकायची वेळ येते ती नळीचा क्रोम उडून गंजाचे खड्डे पडले की, कारण ते खड्डे नवीन सील पण कापतात. तेव्हा मी तर साधा बिनशॉकअपचा लोखंडी चिमटाच टाकेन, किलोभर वजन तरी उतरेल, फक्त घेताना एक्सलपासून रेसच्या बुडापर्यंत टेप लावून जुना मोजा, त्यावर बसल्यावर तो जेवढा दबतो तेवढे एमएम वजा करा आणि त्याच लांबीचा मागा, दुकानदार म्हणेल सगळे सारखेच असतात, ऐकू नका, ४०-५० एमएम आखूड बसला तर हँडल वळणावर दचकायला लागतं आणि पेडल स्पीडब्रेकरला घासतं.