भिशीवाल्या बायका

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी टाकलं, "महिला मंडळाला हॉल फुकट कशाला? भिशी आणि हळदीकुंकूच तर करतात." खाली सतरा हसरे चेहरे. चहा तसाच गार झाला माझा.

माझी पणजी एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली. सेवासदनमधून नर्सिंग शिकली. ड्युटीवरून आली की भावजय मागच्या दाराशी बादली ठेवायची, आंघोळ केल्याशिवाय घरात पाय टाकायचा नाही. आणि त्याच घरातलं वाणसामान कुणाच्या पगारातून यायचं ते सांगायला नको.

सेवासदन म्हणजे तरी काय हो, 1909 साली पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधरांनी उभं केलेलं बायकांचं मंडळच की! रमाबाई अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या, नवरा शिकवतोय म्हणून घरातल्याच बायकांनी टोमणे मारून जीव नकोसा केला, 1901 ला नवरा, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, गेले, वर्षभर बाई घरातच, आणि मग उठली ती अशी की 1904 ला मुंबईत महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी, पुढे येरवड्याच्या जेलात बायका कैद्यांना भेटणं काय, शिवणाचे वर्ग काय, विधवांना नर्स करणं काय, मुलींना सक्तीचं शिक्षण द्या म्हणून पुण्यात चळवळ काय! तेव्हाही सतरा जण हसलेच असतील, इमोजी नव्हते एवढंच.

हो, तिथे सुरुवातीला पांढरपेशा घरातल्याच बायका जास्त, मान्य. आमच्याकडे भिशी चालते, तेही मान्य. चालते तर चालते! लॉकडाऊनमध्ये याच भिशीवाल्यांनी बी विंगमध्ये दोन वेळचे डबे पोचवले, काका, तुमच्या आईलासुद्धा. तेव्हा नाही विचारलंत मंडळ काय करतं ते.

जाऊ दे. लिहिता लिहिता राग उतरला, आता उगाच भरून येतंय. मी चौथीत असताना पणजी गेली. तोवर वाडा पाडून बिल्डिंग झाली होती, मागचं दार उरलंच नव्हतं, तरी बाहेरून आली की ती उंबऱ्यातच थांबायची. आई म्हणायची, "अहो आजी, आत या ना." मग यायची.

हॉलचं भाडं भरू आम्ही, दोनशे काय पाचशे घ्या. ते सतरा हसरे चेहरे तेवढे काढा.