कुलाबा कॉजवेवर सगळ्यांचं जेवण मिळतं, मग कोळ्यांचं का नाही?

"कॉजवेला जायचंय, खायचं कुठे?" हा प्रश्न वर्षभर कोणी ना कोणी मला विचारतंच. मी फोर्टात नोकरी करते, सुटल्यावर पाय आपोआप कॉजवेच्या तोंडाशी असलेल्या रीगल सिनेमाच्या दिशेने वळतात, त्यामुळे उत्तर माझ्याकडे तयार असतं. आज ते सविस्तर लिहिते. आणि एक तक्रार बरेच दिवस मनात साचली आहे, तीही शेवटी मांडते.

पहिली विनंती अशी की लिओपोल्ड कॅफेपर्यंत जाऊन परत फिरू नका. बोरिवली-डोंबिवलीहून एवढा प्रवास करून आलेली माणसं पहिल्या पाच-सात मिनिटांच्या पट्ट्यात चपला, कानातली घेतात, मोंडेगार कॅफेत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची भिंतीवरची चित्रं बघत एखादी बियर पितात आणि स्टेशनची वाट धरतात. मोंडेगारला नावं ठेवायची नाहीत मला. त्या भिंती बघायला एकदा तरी जावंच. लिओपोल्ड तर १८७१ पासूनचं, इराण्यांनी काढलेलं. २६/११ च्या गोळ्यांच्या खुणा तिथे आजही आहेत, आणि हल्ल्यानंतर काही दिवसांतच त्यांनी दार उघडलं याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तिथे आपण बसतो ते त्या जागेसाठी. जेवायचं असेल तर रस्ता ओलांडा.

पलीकडे ऑलिम्पिया कॉफी हाऊस आहे. १९१८ पासून चाललंय. संगमरवरी टेबलं, जुन्या इराणी घाटाच्या लाकडी खुर्च्या, वर पोटमाळा. इथे सकाळीच जायचं. खिमा-पाव मागवायचा आणि दुसरं काही मागवायची घाई करायची नाही. खिमा छोट्या ताटलीत येतो, कडेला तेलाचा लालसर तवंग, त्यावर लिंबू पिळायचं, कांदा बोटांनी चुरडून टाकायचा. पावाचा पहिला तुकडा नुसता त्या तेलात बुडवून खाऊन बघा, मसाला किती सौम्य आणि किती मुरलेला आहे ते कळेल. मग चहा. ज्यांना चालतो त्यांनी भेजा मसाला फ्राय चुकवू नये. समोरच्या खुर्चीवर अनोळखी माणूस येऊन बसला तर बसू द्या. टॅक्सीवाले, फेरीवाले, बँकेतले लोक, पाठीवर बोजा घेतलेले परदेशी, सगळे इथे एकाच टेबलावर जेवतात आणि उठून कामाला लागतात. कॉजवेवर एकच ठिकाण सांग म्हणालात तर मी हेच सांगेन.

रात्रीचे आला असाल तर ताजच्या मागे टुलोक रोडवर बडेमियाँ आहे, १९४६ पासूनचं. सीख कबाब, रुमाली रोटी, गाडीच्या बॉनेटवर ताटली. मजा येते, नाही म्हणणार नाही. पण माझं मत विचाराल तर त्याच रस्त्यावरच्या बगदादीत जाऊन बसा. तिथली रोटी ताटलीबाहेर लोंबते, रस्सा दणदणीत, आणि गर्दी पोट भरायला आलेल्यांची असते. नाव ऐकून आलेली गर्दी आणि भूक लागून आलेली गर्दी यांत मला नेहमी दुसरीवर जास्त विश्वास वाटतो.

चिनी खायचं असेल तर रीगलच्या मागे लिंग्ज पॅव्हेलियन. याच कुटुंबाचं पूर्वी नानकिंग होतं, जुन्या मुंबईकरांना आठवत असेल. आपल्या नाक्यावरच्या शेझवानची सवय असेल तर पहिल्यांदा हे जेवण फिकं वाटेल. तरी वाफवलेला मासा मागवा, सॉसच्या बाटल्यांना हात लावू नका, दोन घास थांबा.

पुढे डाव्या-उजव्या गल्ल्या सोडत चाललात की खुसरो बाग लागते. पारशी कॉलनी, आत अग्यारी म्हणजे पारश्यांचं अग्निमंदिर, बाहेर रस्त्याकडच्या बाजूला दुकानांची रांग. थिओब्रोमा २००४ मध्ये इथल्याच एका गाळ्यातून सुरू झालं, आता सगळीकडे पसरलंय. ब्राउनी घ्या आणि पुढे चला. धानसाक आणि बेरी पुलाव हवा असेल तर तो कॉजवेवर शोधत बसण्यापेक्षा दुपारी बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानियात जा.

इलेक्ट्रिक हाऊस मागे पडलं की बाहेरून आलेल्यांची गर्दी एकदम विरळ होते. मला कॉजवे इथून पुढे आवडायला लागतो. पहिल्या पास्ता लेनच्या तोंडाशी कैलाश पर्बत आहे. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या मूलचंदानी भावांनी पाणीपुरीवर धंदा उभा केला आणि १९५२ मध्ये इथे हॉटेल काढलं. सगळं गाव मागे टाकून आलेल्या माणसांनी पहिली गोष्ट काय केली, तर आपल्या घरची चव रस्त्यावर आणून विकायला ठेवली. पाणीपुरी चांगलीच आहे, पण इथे दाल पकवान खा. पकवान म्हणजे मैद्याची कडक तळलेली मोठी पुरी, हात लावला की काडकन मोडते. त्यावर घट्ट शिजवलेली चणाडाळ, वरून चिंचेची आणि हिरवी चटणी, बारीक कांदा. चमचा वापरायचा नाही. तुकडा मोडायचा, डाळ उचलायची, आणि मऊ पडायच्या आत तोंडात टाकायचा. सिंधी घरात हा रविवारच्या सकाळचा नाश्ता. उल्हासनगरची माणसं म्हणतील आमच्याकडे याहून चांगला मिळतो. ते खरंही असेल, पण मी कुलाब्याबद्दल बोलतेय.

तिथून स्ट्रँड सिनेमाच्या बाजूला वळलात तर मार्टिन्स नावाची गोव्याची एक छोटीशी खाणावळ आहे. टेबलं मोजकी, त्यामुळे बाहेर उभं राहावं लागतं. सोरपोतेल (डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट रस्सा), विंदालू, कोळंबीची कढी आणि भात. बोटीवर जाणारे, बोटीवरून परतलेले गोंयकार आणि मुंबई यांचं नातं दीडशे वर्षांचं तरी आहे. धोबीतलावला त्यांच्या गावागावांचे कूड, म्हणजे गाववाल्यांनी मिळून राहायच्या जागा, होते, काही अजून आहेत. सोरपोतेल शिळं जास्त चांगलं लागतं हे लक्षात ठेवा.

हे सगळं या एकाच रस्त्यावर का जमलं, यालाही कारण आहे. कॉजवे म्हणजे मुळात समुद्रात घातलेला बांध. १८३८ मध्ये कुलाब्याची दोन बेटं त्याने मुंबईला जोडली. त्या आधी ओहोटी बघून पलीकडे जावं लागायचं. मग छावणी वाढली, कापसाचे व्यापारी आले, १८७४ मध्ये कुलाबा ते पायधुनी घोड्यांची ट्राम धावायला लागली, १८७५ मध्ये ससून डॉक झाला. सैनिक, खलाशी, दलाल, हमाल, कारकून, सगळी घर सोडून आलेली माणसं. त्यांना शिजवून घालणारं कोणीतरी हवं होतं, आणि ते काम दुसऱ्या घर सोडून आलेल्यांनी उचललं. इराणी, सिंधी, चिनी, गोंयकार, कबाबवाले. पुढे पावसाळ्यात अरब पाहुणे यायला लागले तर दुकानांवर अरबी पाट्या लागल्या.

आता तक्रारीवर येते. या रस्त्याच्या शेवटी ससून डॉक आहे. पहाटे तिथे जाऊन बघा. बोटी लागलेल्या, टोपल्या डोक्यावर, लिलावाची आरडाओरड, पायाखाली बर्फाचं पाणी, कोळंबी सोलत बसलेल्या बायकांच्या रांगा. पापलेट, सुरमई, हलवा, बांगडा, माकूल, बोंबील. मुंबईतल्या कितीतरी हॉटेलांच्या माशाचा दिवस इथून सुरू होतो. पण ज्यांची ही बेटं मुळात, ज्यांच्या जाळ्यातून हे म्हावरं, म्हणजे मासे, येतात, त्या कोळ्यांच्या घरचं कालवण कॉजवेवर विकत मिळत नाही. मी रीगलपासून डॉकच्या फाटकापर्यंत विचारत फिरले आहे. मला एकही ठिकाण सापडलेलं नाही.

कोणी म्हणेल, मासे तर मिळतात की. हो, मिळतात. काळा घोड्याला तृष्णामध्ये बटर गार्लिक क्रॅब मिळतो, फोर्टात महेश लंच होममध्ये मंगळुरी गस्सी, म्हणजे नारळाचा रस्सा, मिळते, मालवणी तर दादरपासून ठाण्यापर्यंत गल्लोगल्ली मिळतं. मला ते सगळं आवडतं. पण कोळ्यांचं जेवण म्हणजे मालवणी नव्हे, आणि हा घोळ आपण मराठी माणसंच सगळ्यात जास्त करतो. कफ परेडच्या मच्छीमारनगरात माझी एक मैत्रीण राहते. तिच्या आईच्या हातचं ओल्या बोंबलांचं कालवण मी खाल्लंय. वाटण नाही, नारळ नाही. ठेचलेला लसूण तेलात टाकला, त्यात घरचा मसाला, हळद, मग चिंचेचा कोळ आणि पाणी. उकळी फुटल्यावर शेवटी बोंबील सोडले. त्यानंतर पळी घालायची नाही. फडक्याने पातेलं दोन्ही बाजूंनी धरून गोल हलवायचं, कारण पळी लागली की बोंबील मोडून त्याचा लगदा होतो. पाच मिनिटांत गॅस बंद. सोबत तांदळाची भाकरी, अजून हाताला चटका बसेल अशी. असं कालवण मी विकत कुठेच खाल्लेलं नाही.

त्यांनी हॉटेलं का काढली नाहीत, हे मी मैत्रिणीच्या आईलाच विचारलं होतं. त्यांनी सरळ हिशेब मांडला. पहाटे डॉकवर जायचं, माल घ्यायचा, बाजारात बसायचं, दुपारी घरी येऊन रांधायचं. दुसऱ्यासाठी रांधायला हात कुठून आणायचे? आणि गाळ्याचं भाडं कोण भरणार? मला यात आणखी एक कारण दिसतं. खाणावळ काढायची गरज परगावहून आलेल्याला पडते. त्याला धंदा हवा असतो आणि त्याच्या गाववाल्यांना जेवण. कोळी आपल्या घरीच होते, त्यांचं जेवण घरात राहिलं. भोवतीचं शहर मात्र इतकं बदललं की आता त्या घराबाहेरच्या कोणाला त्या चवीचा पत्ताच नाही. वर माशाचा वास येतो म्हणून नाक मुरडणारे शेजारी आहेतच.

हे बदलता येतं. माहीमच्या रेतीबंदरावर कोळी बायकांच्या बचत गटांनी स्टॉल लावले, लोक किनाऱ्यावर बसून चिंबोरी आणि तळलेले बोंबील खातात. वेसाव्याचा सीफूड महोत्सव तर किती वर्षं भरतोय, तुडुंब गर्दी असते. मग मासे जिथे उतरतात त्या कुलाब्यातच का नको? डॉकची जमीन पोर्टाची, खाण्याचा परवाना दुसऱ्या खात्याचा, रस्ता महापालिकेचा, हे मला माहीत आहे. पण पर्यटनाच्या नावाने दिवे, बाक आणि रंगवलेल्या भिंती या शहरात येतात, तर बचत गटाला एक गाळा रास्त भाड्याने का येऊ नये? फार मोठं हॉटेल मागत नाही मी. आठ टेबलं, सकाळी उघडून दुपारी बंद, त्या दिवशी बोटीतून जे उतरलं त्याचंच कालवण, भाकरी, भात, बाजूला सुकटीची चटणी. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुकं म्हावरं: सुके बोंबील, जवळा, बाकड. पहिलं गिऱ्हाईक डॉकवरच आहे, टेम्पोवाले, बर्फवाले, हमाल. त्यांच्यामागोमाग फोर्टातली ऑफिसं येतील. ऑलिम्पियात शंभर वर्षांहून जास्त काळ लोक येतातच आहेत ना?

मच्छीमारनगर, कुलाबा कोळीवाडा किंवा डॉकच्या आसपास कोणी घरून डबा देत असेल, ऑर्डरप्रमाणे जेवण करून देत असेल, आणि त्यांची हरकत नसेल, तर मला जरूर कळवा. भाव त्या सांगतील तो. पुढच्या रविवारी ऑफिसातली चार-पाच जणं घेऊन येते, आणि भाकऱ्या जरा जास्त लागतील हे आधीच सांगून ठेवते.