माळ्यावरचा पिठीचा डबा

मे संपत आला की आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. आत्ताही नाहीये. एका कोपऱ्यात आमसुलांना पाचवं पुट चढतंय (म्हणजे सालं पाचव्यांदा रसात बुडवून वाळतायत), दुसरीकडे सांडगी मिरच्या, मधल्या चटयांवर तांदूळ ऊन खातायत आणि आई दर तासाला काठी घेऊन कावळे हाकलायला वर येतेय. काल समोरच्या इमारतीतल्या एका मुलीने विचारलं, "काकू, हे सगळं दुकानात मिळतं की. एवढ्या उन्हात जीव कशाला काढता?" तिला जिन्यात उभ्या उभ्या जे सांगितलं ते नीट लिहावं म्हणून ही पोस्ट. मोठी आहे, पण पाऊस तोंडावर आलाय, वाचाच.

आम्ही चिपळूणचे, तळमजल्यावर राहणारे. २००५ च्या पुराची खूण आमच्या बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवर होती, साधारण कमरेएवढी. त्यानंतर बाबांनी घरातलं सगळं त्या खुणेच्या वर नेलं. तांदळाच्या पिंपाला लोखंडी घडवंची करून घेतली, फ्रीजखाली विटा रचल्या. आम्ही निर्धास्त होतो. २२ जुलै २०२१ ला पहाटे वाशिष्ठी नदीचं पाणी गल्लीत शिरलं आणि बघता बघता ती खूण पाण्याखाली गेली. पाणी ओसरलं तेव्हा पंख्याच्या पात्यांना चिखल लागलेला होता.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी दार उघडलं आणि तळमजल्यावरची, पहिल्या मजल्यावरची सगळी माणसं त्यांच्याकडे जमली. एकूण सतरा. त्यात दोन तान्ही मुलं आणि एक डायबेटिसच्या आजी. लाईट नाही, फोन बंद, टाकीत होतं तेवढंच पाणी. गॅसचा एकच सिलिंडर, तोही अर्धा. आमचा सिलिंडर आम्ही जिन्यातून पाण्यावर तरंगत जाताना बघितला.

वहिनींच्या माळ्यावर कुळथाच्या पिठीचा एक मोठा डबा होता. त्यांच्या सासूबाई दर वर्षी आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, करायच्या, म्हणून त्याही करत आलेल्या. दोन दिवस आणि तीन रात्री आम्ही सतरा जणांनी पिठी-भात खाल्ला. आता यातलं गणित बघा. घरात तूरडाळही होती. पण सतरा जणांची डाळ शिजवायची म्हणजे गॅस आणि पाणी दोन्ही भरपूर लागणार. पिठी म्हणजे भाजून, भरडून, पाखडून, दळून ठेवलेला कुळीथ. फोडणीत पाणी उकळलं, थंड पाण्यात कालवलेली पिठी ओतली, दोन आमसुलं टाकली, की दहा मिनिटांत झालं. म्हणजे गॅस खाणारं काम मे महिन्यातच उरकून डब्यात भरून ठेवलेलं होतं. हे माझ्या डोक्यात त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा शिरलं. आयुष्यभर पिठी खाल्ली होती, पण ती 'गरिबाची आमटी' म्हणून.

खाली गेलो तेव्हा पिंपातला तांदूळ फुगून झाकण उडालं होतं. साठ किलो. त्याचा वास मी इथे लिहीत नाही. आई घमेल्यात भरून तो बाहेर टाकत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. लोणच्याच्या बरण्या वरून धडधाकट दिसत होत्या, झाकणं घट्ट होती. आईला त्या ठेवायच्या होत्या. मी भांडून टाकायला लावल्या. पुराच्या पाण्यात गटार असतं, डिझेल असतं, मेलेली जनावरं असतात, आणि फिरकीच्या झाकणातून ते पाणी आत गेलं की नाही हे डोळ्यांना कळत नाही. पुराचं पाणी लागलेलं अन्न टाकायचंच, ते कितीही महागाचं असो.

तर मला म्हणायचंय ते हे. आगोट भरणं ही हौस नव्हती. आता पापड-मिरगुंडांच्या रील्स बनतात, 'आजीच्या हातची चव' वगैरे. चव आहेच. पण मृगाच्या आधी घर भरणं ही मुळात जीव वाचवायची व्यवस्था होती. पावसाळ्यात खाडी पार करता यायची नाही, घाट बंद, मासेमारी बंद, बाजार नाही. चार महिने घरात जे असेल त्यावरच काढायचे. सुकट, सोडे, खारे बांगडे, आठळ्या, कोकम, चिंच, कडधान्य, मीठ, शेणी, वाळकी लाकडं. यात सरपण आहे हे लक्षात घ्या. आपण आज सामान भरतो, ते कशावर शिजवणार याचा विचार करत नाही.

आणि ही बेगमी प्रत्येक मुलखात तिथल्या संकटाप्रमाणे होती. देशावर ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीखाली ठेवत. तिथली जमीन कोरडी आणि भीती दुष्काळाची, म्हणून धान्य खोल आणि पुष्कळ. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आत वायू साठलेला असतो, हेही तिथल्या माणसांना ठाऊक होतं. आमच्याकडे कोणी पेव केलं असतं तर पहिल्याच पावसात चिखल झाला असता. आमचं ठेवणं माळ्यावर, शिंक्यावर, चुलीच्या धुराच्या वर. आमच्या बाबांनी पिंप उंच ठेवलं पण पुरेसं उंच ठेवलं नाही, एवढीच त्यांची चूक. त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी त्यांना माहीत असलेला पूर मोजला होता.

माझी आत्या कोल्हापूरला तिसऱ्या मजल्यावर राहते. ऑगस्ट २०१९ मध्ये तिच्या घरात थेंब शिरला नाही, धान्य होतं, गॅस होता. पण पाणी उपसा केंद्रंच बुडाल्यामुळे नळाला पाणी नाही, आणि महामार्ग बंद पडल्यामुळे बाहेरून ट्रक नाहीत. चहूकडे पाणी आणि प्यायला नाही. तेव्हापासून ती जून ते सप्टेंबर चाळीस लिटर पिण्याचं पाणी झाकून ठेवते आणि दर आठवड्याला बदलते, जुनं झाडांना. चार माणसांना तीन दिवस प्यायला माणशी रोज तीन लिटर धरले तर छत्तीस लिटर लागतात. हे आधी करा. धान्य नंतर.

धान्याचा हिशोब मी असा करते: माणशी रोज ४०० ग्रॅम तांदूळ-गहू-पोहे मिळून, ८० ग्रॅम डाळ-कडधान्य, ३० ग्रॅम तेल. चौघांना पंधरा दिवस काढायचे तर साधारण २४ किलो धान्य, ५ किलो डाळी, २ लिटर तेल. मीठ, गूळ, चहा, तिखट वेगळं. बस, एवढंच. कोणाला गोदाम बांधायला सांगत नाहीये. यातले निदान चार दिवस असे हवेत की चूल पेटली नाही तरी पोटात काही जाईल: पोहे, मेतकूट, लाह्यांचं पीठ, गूळपापडी, दाणे, खजूर. घरात बाळ असेल तर त्याचं दूध, कोणाला रोजची गोळी असेल तर पंधरा दिवसांच्या गोळ्या त्याच डब्यात. त्या दोन दिवसांत आजींचं इन्सुलिन कसं थंड ठेवायचं हा प्रश्न सतरा माणसांच्या जेवणापेक्षा मोठा होता. शेवटी ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या माठाला टेकवून ठेवलं.

आता ठेवायचं कसं. धान्य कडक उन्हात वाळवा, पण गरम गरम डब्यात भरू नका. माझी एका वर्षी हीच चूक झाली. उन्हातून उचलून घाईने भरलं, आत वाफ धरली आणि तळाला बुरशी. रात्रभर सावलीत निवू द्यायचं, सकाळी दात रोवून बघायचा, दाणा कट्‌कन तुटला तर भरायचं. डबा काठोकाठ भरायचा, कारण आत हवा कमी तर पोरकिडे कमी. कडुलिंबाचा पाला टाका, पण तो पूर्ण वाळलेला असावा. डाळींना एरंडेलाचा हात लावा. आणि ते धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या मिळतात ना, अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या, त्या घरात आणू सुद्धा नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने गेली आहेत.

पिठं जास्त भरू नका. बाजरीचं पीठ आठवड्यात कडू होतं, दाणे पावसाळ्यात खवट होतात, गूळ पाझरतो. पिठी टिकते ती कुळीथ भाजलेला असतो म्हणून, तरी ती दर वर्षी संपवायची आणि नवी करायची. साठवण म्हणजे कुलूपबंद खजिना नव्हे. रोज त्यातूनच काढायचं, आणलेलं मागे लावायचं, जुनं पुढे ओढायचं.

पिकवण्याबद्दल मला खरं बोलायचंय, कारण याबाबत फार स्वप्नं विकली जातात. बाल्कनीतल्या आठ कुंड्यांवर कुटुंब जगत नाही. पोट भरणार तांदूळ-डाळीवरच. पण पंधरा दिवस नुसतं पिठी-भात खाऊन तोंडाची चव जाते, मुलं जेवायला बसत नाहीत, आणि तिथे मूठभर हिरवं पान फार मोठं काम करतं. कुंडीत मायाळू, अळू, ओव्याची पानं, गवती चहा, मिरची लावा. ही दुर्लक्ष झालं तरी तगतात. अंगण असेल तर शेवग्याची फांदी आत्ताच खोचा. आणि ज्यांना थोडी जमीन आहे त्यांनी सुरण, करांदे, कणगरं सोडू नका. कंद ही जमिनीतली कोठी आहे. उंदीर-घुशींपासून सांभाळलं तर लागेल तेव्हा खणून काढायचं, वीज लागत नाही, डबा लागत नाही. फक्त पाणी साचेल अशा खाचरात नको, उताराच्या, उंच बांधावर लावा. शहरात राहणाऱ्यांना तेही नसेल तर मूग आहेतच. स्वच्छ पाणी असलं की दोन-तीन दिवसांत मोड.

बियाणंही ठेवा. आमच्याकडे पडवळाचं, दोडक्याचं बी राख लावून चुलीवर टांगलेलं असायचं. त्या पुरात आईचं वीस वर्षांचं वालीचं बी गेलं आणि तांदळासाठी न रडलेली आई त्यासाठी रडली. तांदूळ मदतीच्या किटमधून आला, ते वालीचं बी कुठल्याच किटमध्ये नव्हतं. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी शंभराहून अधिक देशी वाणांचं बी जपलं आणि ते बायकांमध्ये वाटलं. बी वाटून ठेवलं की एका घरातलं गेलं तरी दुसऱ्या घरात उरतं. आईचं वालीचं बी शेवटी मावशीकडे सापडलं, तिला कधीतरी मूठभर दिलेलं होतं.

दोन गोष्टी अजून सांगायच्यात. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन जाहीर झालं त्या रात्री दुकानांपुढे जी झुंबड उडाली, ती आठवते ना? ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी दहा-दहा किलो उचललं आणि रोजंदारीवाला सकाळी गेला तेव्हा फळी रिकामी. मे महिन्यात, बाजारात माल पुष्कळ असताना, थोडं थोडं भरून ठेवणारी बाई संकटाच्या दिवशी रांगेत नसते. तिची जागा ज्याला साठवणं परवडतच नाही त्याला मिळते. म्हणून मी याला साठेबाजी म्हणू देत नाही.

दुसरं, ही सगळी बेगमी बायकांच्या कंबरेवर उभी होती. माझ्या आजीचा मे महिना कधी सुट्टीचा नव्हता. परंपरा जपूया म्हणणाऱ्या पुरुषांनी आधी गच्चीवर तांदूळ वाहून न्यावेत. आमच्याकडे आता पोती भाऊ चढवतो, डब्यांवर तारखा भाचा लिहितो, आणि पाणी बदलायची पाळी बाबांची आहे.

२०२१ नंतर आमची निम्मी साठवण वहिनींच्या माळ्यावर असते, आमचं नाव लिहून. निम्मी आमच्याकडे, रोजच्या वापराची. बदल्यात त्यांचं दळण-कांडण आम्ही करतो. आमसुलांची अजून दोन पुटं राहिलीत. ती झाली की रविवारी डबे वर न्यायचे. या वर्षी वहिनींनी आठ किलो कुळीथ भाजायला दिलाय, उद्या सकाळी ऊन चढायच्या आत तो भाजून घ्यायचाय.