समोशावर इशारा छापा, असं कोणीही सांगितलेलं नाही

मामाजींचा फोन सकाळी सात वाजता आला. ती त्यांची कढई तापायची वेळ, त्या वेळेला ते कोणालाच फोन करत नाहीत. "बेटा, आता समोशावर सिगरेटीसारखा इशारा छापा लागते म्हणते. कागदावर छापू का पाटी लावू?" नागपुरात बावीस वर्षं ते समोसा आणि आलूबोंड्याचा ठेला लावतात. आदल्या दिवशी एक पोरगा येऊन 'सरकारमान्य इशारा' लिहिलेला स्टिकर तीनशे रुपयांना चिकटवून गेला होता. नाही लावला तर ठेला उचलतील, अशी भीती घालून. त्यांच्या शेजारच्या पोहेवाल्यानंही घेतला म्हणे.

हे सगळं ज्या मेसेजमुळे झालं, तो आमच्या घरच्या ग्रुपवर चार वेळा येऊन गेलाय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: सरकारनं समोसा, जिलेबी, वडापाव यांवर सिगारेटसारखा इशारा सक्तीचा केला; न लावणाऱ्याला दंड; पिझ्झा-बर्गरला मात्र सूट, कारण यामागे परदेशी कंपन्या; आपलं ताजं तळलेलं आणि गुळातलं खाणं निर्धोक, शुगरवाल्यांनाही चालतं; आणि शेवटी, पाट्या लावून कोणाचं खाणं बदलत नसतं.

पहिले तीन मुद्दे एका कागदानं निकालात निघतात. 21 जून 2025 रोजी केंद्रीय आरोग्य सचिवांनी सगळ्या मंत्रालयांना आणि विभागांना एक पत्र लिहिलं. देशात लठ्ठपणा वाढतोय, शहरांत पाचातला एकाहून जास्त प्रौढ जास्त वजनाचा आहे, म्हणून कार्यालयांच्या कॅन्टीनमध्ये, लॉबीत, बैठकीच्या खोल्यांत तेल आणि साखर किती पोटात जाते ते दाखवणारे फलक लावा, असं त्यात सुचवलं होतं. सोबत फळं ठेवा, गोड पेयं कमी करा, जिने वापरा, हेही होतं. नागपूरच्या एम्सच्या कॅन्टीनमध्ये असे फलक लागणार, अशी बातमी आली आणि दोन दिवसांत तिचं 'समोशावर इशारा' झालं. शेवटी 15 जुलैला केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला (पीआयबी) खुलासा करावा लागला: विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा छापायला सांगितलेलं नाही, भारतीय पदार्थांना वेगळं काढलेलं नाही, रस्त्यावरच्या खाण्यावर रोख नाही. ही फक्त कामाच्या ठिकाणी लोकांना आठवण करून देणारी सूचना आहे. नमुन्याच्या फलकांवर समोशाच्या रांगेत पिझ्झा-बर्गरही होते. मग सूट कुठली आणि परदेशी कंपनी कुठली? यावर आणखी वेळ घालवायची माझी इच्छा नाही. खुलासा होऊनही मेसेज फिरतोय, आणि त्याच्या जोरावर कोणीतरी रोज आठशे-हजार कमावणाऱ्या माणसाकडून तीनशे रुपये काढून नेतो, याचा मात्र मला संताप येतो.

आता चौथा मुद्दा, कारण तो मामींपर्यंत पोचला.

मामींना अकरा वर्षांपासून शुगर आहे. मेसेज वाचून त्यांनी दसऱ्याला गुळाच्या पाकातली जिलेबी केली आणि "ही तर चालते" म्हणून चार वळी खाल्ली. दोन तासांनी मीच बोटाला सुई टोचली. यंत्रावर 286 आलं. जेवणानंतर दोन तासांनी ते 180 च्या आत असावं, असं डॉक्टरांनी त्यांच्या फाइलवर लाल पेनानं लिहून दिलंय. मामी त्या आकड्याकडे बघत म्हणाल्या, "पण साखर तर टाकलीच नव्हती."

गूळ म्हणजे उसाचा रस आटवून केलेली साखरच आहे, फक्त शुद्ध न केलेली. शंभर ग्रॅम साखरेत सुमारे 400 कॅलरी असतात, तेवढ्याच गुळात सुमारे 380. एवढाच फरक. लोह आणि खनिजं गुळात थोडी जास्त असतात, हे खरं. पण ती पुरेशी मिळावीत म्हणून जेवढा गूळ खावा लागेल, तेवढा शुगर नसलेल्या माणसानंही खाऊ नये. आणि जिलेबीत पाकाआधी मैदा असतो, तो कढईत तेल पितो, हे मेसेज लिहिणाऱ्याला आठवलंच नाही. तुपातलं तळलेलं हलकं असतं, हीसुद्धा तशीच समजूत. एक ग्रॅम चरबीच्या नऊ कॅलरी, मग ती तुपाची असो की सोयाबीन तेलाची. ज्यांच्या घरात इन्सुलिनची बाटली फ्रिजच्या दारात असते, त्यांना 'चालतं' हा शब्द पाठवताना माणसाचा हात थांबायला हवा.

'ताजं' या शब्दाबद्दल थोडं मान्य करते. डोळ्यांसमोर तळलेला समोसा महिनाभर पाकिटात बंद राहिलेल्या कुरकुरीत वस्तूपेक्षा मला बरा वाटतो. पण समोसा ताजा असला तरी तेल ताजं असतंच असं नाही. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक घटक साठत जातात. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं जुलै 2018 पासून त्यांची मर्यादा 25 टक्के ठरवली आहे, त्यापुढे ते तेल वापरायचं नाही. मामाजी रात्री उरलेलं तेल दुसऱ्या दिवशी नव्यात मिसळत. हे बरं नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांना आवडलं नाही, पण हल्ली उरलेलं तेल वेगळ्या डब्यात जातं.

राहिला शेवटचा मुद्दा, पाट्यांनी काही होत नाही हा. इथे मेसेजचं अर्धं खरं आहे, नाइलाजानं म्हणते. आमच्या ऑफिसात फलक लागला तो हात धुवायच्या बेसिनच्या वर. तिथे उभं राहून कोणी वाचत नाही, सगळे रुमाल शोधतात. पहिल्या महिन्यात काहीही बदललं नाही.

बदल झाला तो चहात. आमच्याकडे चहा थर्मासमधून येतो आणि तो आधीच गोड असतो. बिनसाखरेचा हवा तर आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, मग चार जण विचारणार, "काय, शुगर निघाली का?" म्हणून बरेच जण मुकाट्यानं गोडच घेत. एका कपात दोन चमचे धरले तर दहा ग्रॅम साखर. दिवसाला चार कप म्हणजे चाळीस. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत दिवसभराची मर्यादा 25 ग्रॅम आहे. म्हणजे बाकी काही गोड न खाता नुसत्या चहावरच माणूस पंधरा ग्रॅमनं पुढे.

फलकावरचा हा हिशेब वाचला तो चहा करणाऱ्या ताईंनी, इतर कोणी नाही. त्यांनी थर्मासमध्ये बिनसाखरेचा चहा भरायला सुरुवात केली आणि साखरेचा डबा चमच्यासकट ट्रेमध्ये वेगळा ठेवला. ज्याला हवी त्यानं घ्यावी. कोणावर बंदी नाही. पहिले दोन दिवस कुरकुर झाली. आता मी स्वतः अर्ध्या चमच्यावर आले आहे आणि पूर्वी किलोभर साखर आठवड्यात संपायची, ती आता पंधरा दिवस पुरते, हे ताईच सांगतात. बैठकीत क्रीमच्या बिस्किटांच्या जागी फुटाणे आणि हंगामात संत्री आली. बिस्किटं कपाटात आहेत, मागितली की मिळतात. मागायला उठतं कोण?

पत्रात हेच सुचवलं होतं, जे हाताशी असतं ते खाल्लं जातं, म्हणून हाताशी काय ठेवायचं ते बदला. मामींच्या घरीही तेच केलं. गुळाची ढेप ओट्यावरून वरच्या फळीवर गेली, ओट्यावर पेरू आणि काकड्या आल्या. मामींना स्टूल घेतल्याशिवाय ती फळी पोचत नाही.

मामाजींच्या ठेल्यावरचा स्टिकर मी रविवारी कोमट पाण्यानं भिजवून सुरीनं खरवडून काढला. त्याच्याखाली आलूबोंड्याचा भाव झाकला गेला होता. आठवडाभर गिऱ्हाइकं तो विचारत होती.