पाणीच ओता, आणि भरपूर ओता

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. एक सोसायटीचा ग्रुप, एक गावाकडचा. तिसऱ्यावर बघून मात्र पोटात गोळा आला, कारण तो नवी मुंबईच्या रबाळे एमआयडीसीतल्या सुपरवायझर लोकांचा ग्रुप आहे. मजकूर थोडक्यात असा: "सल्फ्युरिक ॲसिड अंगावर पडलं तर चुकूनही पाणी टाकू नका, पाणी लागताच ॲसिड उकळतं. आधी कोरड्या कापडाने पुसा, खायचा सोडा चोळा, मग खोबरेल तेल लावा. पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवा. आणि जळजळ होत नसेल तर ॲसिड सौम्य आहे, घाबरू नका." खाली हात जोडलेले आणि "सर्वांना पाठवा".

वीस वर्षं मी कारखान्यांत सेफ्टीचं काम करतोय. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत या पट्ट्यात रोज कुठे ना कुठे ॲसिडचा टँकर खाली होत असतो, कारबॉय (ॲसिडचा मोठा कॅन) उचलला जात असतो. ते काम करणारी बहुतेक पोरं कंत्राटी. त्यांना ट्रेनिंगच्या आधी हा मेसेज मिळतो. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

"पाणी टाकू नका." हे वाक्य आलंय कुठून, ते आधी बघू. शाळेच्या प्रयोगशाळेत सरांनी सगळ्यांना बजावलेलं असतं की पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडमध्ये पाणी कधीच ओतू नका. हा नियम शंभर टक्के खरा आहे. ९८ टक्क्यांचं सल्फ्युरिक पाण्याच्या पावणेदोन पटीहूनही जड, १.८४ घनतेचं. त्यावर थोडं पाणी पडलं की ते वरच तरंगतं, तिथल्या तिथे उकळतं आणि ॲसिडचे थेंब घेऊन उडतं. पण हे होतं ॲसिड भरपूर आणि पाणी थोडं असताना. अंगावरचा हिशेब बरोबर उलटा असतो.

आकडेच मांडतो. समजा हातावर दोन चहाचे चमचे ॲसिड उडालं, म्हणजे १० मिलिलिटर. त्यात १० मिलिलिटर पाणी मिसळलं तर मिश्रण उकळत्या पाण्याच्याही वर तापेल, मेसेजवाल्याचं तेवढं बरोबर. पण तेवढ्याच ॲसिडवर २० लिटरची बादली धो धो ओतली आणि त्यातली सगळी उष्णता त्या पाण्यात उतरली, तरी पाणी अर्ध्या अंशानेसुद्धा तापत नाही. पाणी ॲसिड पातळ करतं, उष्णता घेऊन जातं आणि दोन्ही कातडीवरून वाहून नेतं. म्हणून ओला रुमाल ठेवायचा नाही, पेलाभर शिंपडायचं नाही. पाण्याचा लोंढा हवा.

कारखान्यात साखळी ओढली की अंगभर पाणी सोडणारा इमर्जन्सी शॉवर असतो; त्याचं मान्य प्रमाण मिनिटाला सुमारे ७५ लिटर आहे, आणि तो पंधरा मिनिटं चालला पाहिजे. गुणाकार करा. अकराशे लिटरच्या वर जातं, म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी त्या एका माणसासाठी रिकामी. आणि कामाच्या जागेपासून शॉवर दहा सेकंदांत गाठता आला पाहिजे.

"कोरड्या कापडाने पुसा." याचं उत्तर मला एका पोराच्या हातावर बघायला मिळालंय. कारखान्याचं नाव सांगत नाही. टँकर खाली करताना होजच्या कपलिंगमधून (पाइपाच्या जोडातून) पिचकारी उडाली. शॉवर आठ-दहा पावलांवर होता. जोडीदार "दादा, पाणी नको, पाणी नको" असं ओरडत धावत आला आणि मूठभर कॉटन वेस्टने, म्हणजे मशिन पुसायच्या कापसाने, हात पुसायला लागला. मी पोचेपर्यंत तो कापूस काळा, चिकट लगदा झाला होता आणि तो लगदाच हातावर घासला जात होता. कोपरापासून मनगटापर्यंत, जिथे जिथे कापूस फिरला तिथे तिथे. आणखी एक गोष्ट मागाहून लक्षात आली. बाही ग्लोव्हच्या आत खोचलेली होती. ॲसिड बाहीवरून ओघळत थेट ग्लोव्हमध्ये उतरलं आणि बोटांत साठून राहिलं. शॉवरखाली नेल्यावरही ग्लोव्ह काढायचं आधी कुणाला सुचलं नाही. हात खाली ठेवून काम असेल तर बाही ग्लोव्हच्या बाहेरून हवी, हे तेव्हापासून मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये स्वतःची बाही ओढून दाखवतो. त्या पोराच्या हातावर मांडीची कातडी लावावी लागली. जोडीदार अजून माझ्याशी बोलताना मान खाली घालतो. त्याचा दोष नव्हता. त्याने वाचलं तसं केलं.

कोरडं झटकण्याचा नियम आहे, पण तो कळीच्या चुन्यासारख्या कोरड्या पावडरीसाठी: आधी झटका, मग धुवा. द्रव ॲसिडला तो लावून वेळ घालवायचा नाही. कपडे मात्र पाणी चालू असतानाच काढा. डोक्यावरून ओढू नका, कापून काढा. डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून निदान पंधरा मिनिटं धुवा. माणूस डोळे गच्च मिटतो, म्हणून पापण्या धरायला दुसरा माणूस लागतो.

"खायचा सोडा चोळा." सोड्याची जागा जमिनीवर. फरशीवर ॲसिड सांडलं तर वाळूने अडवून, कडेकडेने सोडा ॲश (धुण्याचा सोडा) टाकत ॲसिडचा जोर मारतात. त्या डबक्यावर बादलीभर पाणी फेकायचं नाही, तिथे शाळेचा नियम लागू होतो. कातडीवर सोडा चोळला तर त्या क्रियेचीही उष्णता निघते आणि घासल्याने जखम वाढते ती वेगळीच. शिवाय डबा शोधण्यात मिनिट जातं. ॲसिडला मिनिट पुष्कळ झालं.

खोबरेल तेल, हळद, टूथपेस्ट: काहीही लावू नका. डॉक्टरांना ते आधी खरवडून काढावं लागतं.

उलटीचं तर ऐकूच नका. खाली जाताना ॲसिडने अन्ननलिका एकदा भाजलेली असते, उलटीने ती दुसऱ्यांदा भाजते, आणि थोडं श्वासनलिकेत गेलं तर आणखी वाईट. तोंड धुवा, चूळ भरून थुंकू द्या, ताबडतोब हॉस्पिटल गाठा. सोडाही पाजू नका, पोटात गॅस धरतो.

आता शेवटचं वाक्य, आणि मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते: "जळजळ होत नसेल तर ॲसिड सौम्य आहे." महापे, पावणे, तळोजा इथल्या फॅब्रिकेशन शेडमध्ये स्टेनलेस स्टीलच्या वेल्डवरचा काळा-निळा डाग काढायला पिकलिंग पेस्ट लावतात. ब्रशने लावतात, पुष्कळदा साध्या कापडी हातमोज्यांनी. त्या पेस्टमध्ये बहुधा नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, कामगार त्याला एचएफ म्हणतात. रसायनशास्त्राच्या पुस्तकात एचएफ खरोखरच 'सौम्य आम्ल' म्हणून नोंदलेलं आहे, कारण ते पाण्यात पूर्णपणे विघटित होत नाही. नेमकं त्यामुळेच ते न थांबता कातडीच्या आत झिरपतं. आत गेल्यावर त्यातलं फ्लोराइड शरीरातलं कॅल्शियम पकडून ठेवतं, हाडापर्यंत पोचतं. मात्रा जास्त असेल तर रक्तातलं कॅल्शियम इतकं उतरतं की हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावतो. आणि २० टक्क्यांखालचं एचएफ असेल तर दुखणं सुरू व्हायला चोवीस तासही लागू शकतात.

एका वेल्डरने दुपारी पेस्ट लावली, हात पुसून घरी गेला. रात्री अकराला त्याचा फोन: "साहेब, नखाखाली ठणकतंय, पण वर काहीच दिसत नाही." बोटावर फोड नाही, लाली नाही. त्याच्या नात्यातल्या कुणीतरी त्याला हेच सांगितलं होतं, जळजळ नाही ना, मग झोप. एचएफवर भरपूर पाण्याने धुतल्यावर २.५ टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळत राहावं लागतं आणि लगेच हॉस्पिटल. जेल त्याच्या शेडमध्ये होतं. ऑफिसच्या कपाटात, कुलपात, आणि चावी सहाला घरी जाणाऱ्या माणसाकडे. जेल कामाच्या टेबलावर पाहिजे, एक्सपायरी बघून. आणि हॉस्पिटलमध्ये नुसतं "ॲसिड" म्हणू नका, "एचएफ" हे नाव घ्या, डब्यावरच्या लेबलचा फोटो दाखवा. नाव कळलं नाही तर डॉक्टर साधं भाजणं समजून मलम लावतील. टँकर असेल तर त्यावरचा चार आकडी यूएन क्रमांक, म्हणजे रसायन ओळखायचा आंतरराष्ट्रीय नंबर, सांगा: सल्फ्युरिक १८३०, एचएफचं द्रावण १७९०.

'सौम्य' हा शब्द सल्फ्युरिकच्या बाबतीतही फसवतो. तीव्र सल्फ्युरिक साध्या लोखंडी टाकीत राहतं. पाणी शिरून ते पातळ झालं की लोखंड खायला लागतं आणि हायड्रोजन सोडतं. पावसाळ्यात टाकीच्या व्हेंटमधून (हवा जाण्या-येण्याच्या नळीतून) दमट हवा आत गेली तरी हे घडतं. रिकामा ड्रम नुसता विसळून त्याला गॅस कटर लावला की स्फोट होतो तो याच हायड्रोजनचा.

माझी एकच विनंती. त्या मेसेजखाली हे उत्तर टाका, आणि उद्या सकाळी शिफ्ट सुरू होताना आपापल्या प्लांटमधल्या शॉवरची साखळी ओढून बघा. आठवड्यातून एकदा तरी ओढायचीच असते. आधी गंजाचं लाल पाणी येईल, ते जाऊ द्या. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या पाइपातलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं, तेही गार होईपर्यंत सोडून द्या. आणि शॉवरच्या खाली जागा नाही म्हणून ठेवलेले ते रिकामे ड्रम आजच हलवा.