फलक नसलेला ड्रेसकोड

तुळजापूरच्या मंदिरात मे २०२३ मध्ये तोकड्या आणि अंगप्रदर्शक कपड्यांना मज्जाव करणारे फलक लागले आणि टीका सुरू होताच काही तासांत ते उतरवलेही गेले. पाठोपाठ नागपूरच्या काही मंदिरांनी वेशसंहिता जाहीर केली आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासानेही तसाच निर्णय घेतला. या प्रत्येक वेळी घरच्या मंडळींच्या चर्चेत जपान हटकून येतो, आणि मी तोक्योत राहते म्हणून साक्षीदार म्हणून मलाही ओढले जाते. एक बाजू म्हणते, तोक्योच्या हाराजुकू भागात मुली पंख लावून, गुलाबी केस करून हिंडतात, कोणी वळूनही पाहत नाही. आपल्याकडे मात्र जीन्सवरून रणकंदन होते. दुसरी बाजू म्हणते, जपानी माणूस शिस्तीने वागतो, कोठे काय घालावे हे त्याला सांगावे लागत नाही, म्हणून तर तो देश पुढे गेला. दोन्ही बाजूंना जपान आपल्या पक्षात हवा आहे, आणि माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या ठिकाणी बोट ठेवत आहेत.

ज्या हाराजुकूचा दाखला दिला जातो ते मुळात बरेचसे भूतकाळात जमा झाले आहे. १९७७ पासून सुट्टीच्या दिवशी तेथला रस्ता वाहनांना बंद करून पादचाऱ्यांना मोकळा केला जाई. ती प्रथा १९९८ मध्ये संपली. रस्त्यावरच्या पोशाखांची छायाचित्रे छापणारे ‘फ्रूट्स’ हे मासिक १९९७ मध्ये सुरू झाले आणि छायाचित्र काढण्याजोगे तरुण आता दिसत नाहीत, असे सांगून २०१७ मध्ये थांबले. जे टिकून आहे त्यातले सर्वांत चिवट रूप म्हणजे लोलिता फॅशन. नाव ऐकताच अल्पवयीन मुलीच्या मागे लागलेल्या प्रौढ पुरुषाची गोष्ट सांगणाऱ्या नाबोकोव्हच्या ‘लोलिता’ कादंबरीची आठवण होते, परंतु या वेशाचा तिच्या विषयाशी संबंध जोडला की तो घालणाऱ्या स्त्रिया संतापतात, आणि त्यांचा संताप रास्त आहे.

हा वेश युरोपातील जुन्या काळच्या बाहुल्यांची आणि बालपोशाखांची आठवण करून देणारा आहे: घंटेसारखा फुललेला आणि गुडघ्यापर्यंत येणारा घेर, त्याखाली पॅनियर नावाचा झालरींचा फुगीर परकर, गळाबंद ब्लाउज, डोक्यावर बो किंवा बॉनेट, पायात गोल टोकाचे बूट. १९८८ मध्ये सुरू झालेले ‘बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट’, १९७९ मध्ये ‘प्रिटी’ या नावाने दुकान म्हणून उघडलेले आणि २००१ पासून ‘अँजेलिक प्रिटी’ म्हणून ओळखले जाणारे नाव, अशी काही घराणी, म्हणजे कपड्यांचे ब्रँड, या जगात पूज्य आहेत. त्यांचा एक झगा तीस-चाळीस हजार येनांना पडतो, आणि ब्लाउज, परकर, मोजे, बूट हा सगळा सरंजाम वेगळा. बाहेरून पाहणाऱ्याला हे स्वैर वाटते. आत गेल्यावर कळते की येथे लेस कोणत्या धाग्याची आहे इथपासून तपासणी होते. चकचकीत सॅटिन आणि स्वस्त नायलॉनची लेस दिसली की कपडा ‘कॉस्प्ले’च्या, म्हणजे एखाद्या पात्राचे सोंग घेण्याच्या, पंक्तीत ढकलला जातो. परकराविना घेर लोळू लागला तर ते अज्ञान, उघडे खांदे हा प्रमाद, आणि मूळ छापाची नक्कल करून स्वस्तात विकलेला झगा घालणे म्हणजे जवळजवळ चोरी.

या नियमांची मी टिंगल करणार नाही, कारण त्यांतले पुष्कळसे अनुभवातून आलेले आहेत. असा पोशाख घालून रेल्वेत चढणाऱ्या स्त्रीकडे लोक टक लावून पाहतात, न विचारता छायाचित्रे काढतात, अनोळखी पुरुष मागे लागतात. तिला कोणी मेड कॅफेतली, म्हणजे मोलकरणीच्या वेशातल्या मुली वाढतात तशा कॅफेतली, वेट्रेस समजतो, तर कोणी जाहिरातीसाठी उभी केलेली मुलगी. गुडघा झाकलेला असावा, गळा बंद असावा, वेशाला कामुक वळण देऊ नये, विचारल्याखेरीज कोणाचे छायाचित्र घेऊ नये, हे सारे या त्रासाविरुद्ध उभारलेले कुंपण आहे आणि ते उभारणाऱ्या स्त्रिया स्वतः तो वेश घालतात. मंदिराच्या दारातल्या फलकात आणि यात हा फरक मोठा आहे. तेथे जो सांगतो त्याला घालायचे नसते आणि जिला घालायचे असते तिला विचारलेले नसते. शिवाय कोणतीही शैली काही अटींवरच शैली म्हणून उभी राहते. सगळे चालते म्हटले की उरते ते फक्त झालरींचे दुकान.

तरीही कुंपणाचे काम एकदा संपले की त्याचा उपयोग दुसऱ्याच गोष्टींसाठी होऊ लागतो. घेर गुडघ्याच्या वर असेल तर तो खाली आणता येतो. पाठीचा घेर मात्र कोठून कमी करायचा? या घराण्यांचे कपडे बरीच वर्षे बहुतांशी एकाच मापात निघत असत, पाठीवर थोडी इलॅस्टिकची चुणी घालून, आणि ज्या शरीराला ते येत नाहीत त्या शरीराने काय करावे हा प्रश्न कोणी विचारीत नसे. ज्या मुलीला एका झग्यासाठी अर्ध्या महिन्याचा पार्टटाइम पगार घालवावा लागतो, तिने नक्कल घेतली की तिला नीतीचे धडे मिळतात. काही मेळावे केवळ स्त्रियांसाठी असतात, त्यामुळे हाच वेश आवडणाऱ्या पुरुषाने कोठे जावे हे त्याचे त्याने पाहायचे. आणि पंचविशी उलटली की ‘अजून घालतेस?’ हा प्रश्न कधी प्रेमाने, तर कधी खोचकपणे येतो. आओकी मिसाको या मॉडेलने त्याला वागणुकीनेच उत्तर दिले: २००९ मध्ये जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने तिला या संस्कृतीची दूत म्हणून नेमले, परिचारिकेचे काम तिने सोडले नाही आणि चाळिशीतही ती याच वेशात वावरते. पण असे उत्तर देण्याची मुभा प्रसिद्ध व्यक्तीला जितकी असते, तितकी कचेरीत काम करून रविवारी हाराजुकू गाठणाऱ्या स्त्रीला नसते.

माझी एक सहकारी या दुसऱ्या वर्गातली आहे. सोमवार ते शुक्रवार राखाडी सूट, रविवारी हिरव्या छापाचा झगा. तिच्या बोलण्यातून मला या जगातील चहाचे मेळावे कळले. एखादे घराणे हॉटेलात मेळावा भरवते, तेथे डिझाइनर स्वतः येतात, आणि पाहुण्यांनी त्याच घराण्याचे कपडे घालून यावे हे गृहीत असते. आमंत्रणावर ते छापलेले असेलच असे नाही. पहिल्यांदा गेलेली एक मुलगी दुसऱ्याच घराण्याचा झगा घालून आली. तिला कोणीही काही बोलले नाही. तिच्या टेबलावरचे सगळे तिच्याशी अत्यंत अदबीने वागले, तिचा केकही तिला मिळाला, आणि पुढच्या वेळी मंडळी ठरवून निघाली तेव्हा तिला निरोप गेला नाही. माझी सहकारी हे मला तक्रार म्हणून सांगत नव्हती. नवख्या माणसाने हवा ओळखायला शिकलेच पाहिजे, असे तिचे प्रामाणिक मत होते. मला मात्र त्या मुलीचे वाटत राहिले, कारण आपण नेमके कोठे चुकलो हे तिला बहुधा आजही ठाऊक नसेल.

येथे माझा मूळ मुद्दा येतो. जपानात कपड्यांवरून बंधने कमी आहेत की जास्त, हा प्रश्नच मला गौण वाटतो. नियम कोणी तरी लिहिला आहे की तो फक्त नजरांमध्ये राहतो, यावरून त्याच्याशी भांडता येईल की नाही हे ठरते. जपानमधील शाळांच्या जाचक नियमांचे उदाहरण घ्यावे. ओसाका प्रांतातील एका सरकारी हायस्कूलमधल्या मुलीने जन्मतः तपकिरी असलेले केस काळे रंगवण्याची सक्ती झाली म्हणून २०१७ मध्ये दावा लावला. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने केसांचा नियम बेकायदा ठरवला नाही, पण वर्गातून तिचे बाक आणि पटावरून तिचे नाव काढल्याबद्दल तीन लाख तीस हजार येन भरपाई दिली. निकाल अर्धवटच म्हणायचा. परंतु त्या प्रकरणातून उठलेल्या चर्चेनंतर केस काळेच असावेत, अंतर्वस्त्राचा रंग अमुकच असावा, असले नियम तोक्योच्या महानगरीय शाळांतून एप्रिल २०२२ पासून काढून टाकण्यात आले. ते कागदावर होते म्हणून कागदावरून खोडता आले. त्या चहाच्या टेबलावरचा नियम कोणी कोठून खोडायचा?

किमोनोच्या बाबतीत तर या नजरांना जपान्यांनीच ‘किमोनो पोलीस’ असे नाव दिले आहे. किमोनो नेसून निघालेल्या तरुणीला स्टेशनवर एखादी अनोळखी प्रौढ बाई गाठते, ओबी म्हणजे कमरेचा पट्टा ओढून सरळ करते, गळ्याची रेषा बिघडली म्हणते, किंवा अस्तराचा किमोनो जूनमध्ये कसा घातलास असे विचारते, कारण ऋतुबदलाचा दिवस १ जून ठरलेला आहे, मग मे महिन्यात घामाच्या धारा लागल्या तरी बेहत्तर. यातल्या काही बायका खरोखर मदत करत असतात. पण अशा एका प्रसंगानंतर किमोनो पुन्हा कपाटाबाहेर न काढणाऱ्या मुलीही आहेत, आणि गंमत अशी की सनातन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या यातल्या पुष्कळ नियमांना आजचे घट्ट रूप आले ते युद्धोत्तर काळात निघालेल्या किमोनो नेसवण्याच्या वर्गांतून. शिवलेली नऊवारी ही खरी नऊवारी नव्हे, असे दर पाडव्याला शोभायात्रेतल्या मुलींना सुनावणाऱ्या आपल्या मावशा-काकूंना हे वाचून बरे वाटेल की जगात त्या एकट्या नाहीत.

लिहिले म्हणजे सुटले, असे मात्र मी म्हणत नाही, कारण याच लोलिता फॅशनचा उलटा दाखला जपानबाहेर आहे. अमेरिका आणि युरोपातल्या मुलींनी दूर बसून हा वेश शिकताना त्याच्या नियमांच्या याद्या तयार केल्या, आणि काही काळ त्या याद्या नवख्या मुलींना झोडपण्याचे दंडुके झाल्या. जपानी मुलींपेक्षा त्या जास्त कर्मठ निघाल्या. पण यादी समोर होती म्हणून तिच्यातल्या कलमांवर वादही झाले, मोठ्या मापांचा प्रश्न निघाला, वर्णाचा निघाला, आणि काही कलमे मऊ पडली. जपानात हे काम काही प्रमाणात मासिके करीत. ‘गॉथिक अँड लोलिता बायबल’ २००१ पासून निघत असे आणि त्यात घरी शिवण्यासाठी कपड्यांचे नमुने येत, म्हणजे पैसे नसलेल्या मुलीलाही आत येण्याचा एक मान्य रस्ता होता. २०१७ मध्ये तेही बंद पडले, आणि मला वाटते, त्यानंतर शिकण्याचे साधन ओळखीपाळखीच उरली.

आता घरच्या वादाकडे पाहते तेव्हा मला फलकांची फारशी भीती वाटत नाही. तुळजापूरचा फलक उतरला, कारण तो लागला होता. मुंबईतील एका महाविद्यालयाने विद्यार्थ्यांच्या पोशाखावर बंधने घालणारे परिपत्रक काढले, ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये हिजाबबंदीच्या भागाला स्थगिती मिळाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये मंत्रालयाबाहेर एका नेत्याने, कपाळावर टिकली नाही म्हणून, महिला पत्रकाराशी बोलण्यास नकार दिला, तेव्हा राज्य महिला आयोगाने त्यांना नोटीस पाठवली. तो नियम कोठे लिहिलेला नव्हता, पण कॅमेऱ्यासमोर उच्चारला गेला आणि म्हणून सापडला. जे उच्चारलेही जात नाही त्याचे काय? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणाला बोलावले जात नाही हे आपल्या सोसायट्यांमधल्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. वाण लुटणाऱ्या घरातून विधवा शेजारणीला कोणी ‘येऊ नका’ म्हणत नाही. तिला फक्त निरोप जात नाही, अगदी त्या टेबलावरच्या मुलीसारखा, आणि येथे पणाला लागलेली गोष्ट एका छंदापेक्षा कितीतरी मोठी आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये नवरा गेल्यावर बायकोच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने लगेच इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. मला त्या ठरावात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट की, तो करण्यासाठी आधी प्रथा कागदावर नावानिशी मांडावी लागली. गावाने कधी कागदावर न आणलेला नियम तेथे लिहिला गेला, तो रद्द करण्यासाठी. ठरावाने गावोगावच्या नजरा बदलल्या असे मी म्हणणार नाही. पण एखाद्या बाईला भावकीसमोर पुढे करायला कागद तर मिळाला.

लोलिता फॅशनची अशी ग्रामसभा नाही. २०१३ मध्ये स्थापन झालेली जपान लोलिता असोसिएशन आहे, तिच्या प्रमुखपदी आओकी मिसाकोच आहे, पण ती संस्था प्रसाराचे काम करते. चहाच्या टेबलावर कोणी कसे वागावे हे ठरवण्याचा अधिकार तिला नाही आणि तो कोणी तिला देऊही नये. जे होत आहे ते लहान प्रमाणावर, घराण्यांच्या बाहेर, हौशी मंडळींनी भरवलेल्या मेळाव्यांत. त्यांच्या आमंत्रणांवर अलीकडे काही ओळी स्वच्छ लिहिलेल्या दिसतात: पहिल्यांदा येणाऱ्यांचे स्वागत, कोणत्याही घराण्याचे किंवा घरी शिवलेले कपडे चालतील, पुरुष येऊ शकतात, छायाचित्रे विचारून. माझ्या सहकारीला ही भाषा थोडी रुक्ष वाटते, एवढेही सांगावे लागते का, असे ती म्हणते. गेल्या खेपेस मात्र तिने अशाच एका मेळाव्यासाठी नाव नोंदवले.