शंभराची नोट आणि अडीच टक्क्यांचा धाक

व्हॉट्सॲपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय. शंभराची नोट किराणावाल्याने न्हाव्याला दिली, न्हाव्याने भाजीवालीला दिली, तरी ती शंभराचीच राहते. पण तेच पैसे डिजिटल दिले तर दर वेळी अडीच टक्के कापले जातात आणि तीस व्यवहारांत निम्म्याहून जास्त रक्कम बँकेच्या घशात जाते. म्हणून पाकिटात रोखच ठेवा! छोटे दुकानदार हे वाचून घाबरतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

मुळात अडीच टक्के आले कुठून? न्हावी आणि भाजीवाली पैसे घेतात ते यूपीआयवर. बँक खात्यातून थेट केलेलं यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांवर दुकानदाराला लागणारं शुल्क, म्हणजे एमडीआर, 1 जानेवारी 2020 पासून शून्य आहे. शंभर पाठवले की शंभरच पोचतात. बाकीच्या डेबिट कार्डांनाही रिझर्व्ह बँकेने 2018 पासून मर्यादा घातली आहे: वर्षाला 20 लाखांपर्यंत उलाढाल असेल तर 0.40 टक्के, त्यापुढे 0.90. क्रेडिट कार्डावर मात्र शुल्क बऱ्यापैकी लागतं. मेसेज खरा आहे तो इतकाच.

तीस वेळा कापण्याची आकडेमोड चूक नाही, गृहीत धरलंय ते चूक आहे. त्यासाठी ओळीने तिसाही जणांनी क्रेडिट कार्डच वापरायला हवं. न्हावी भाजी घ्यायला कार्ड काढतो का?

आणि रोख फुकट असते, हे कोणी सांगितलं? 2023-24 मध्ये नुसत्या नोटा छापायला रिझर्व्ह बँकेचे 5,100 कोटींहून जास्त रुपये गेले. एटीएमची मोफत मर्यादा संपली की मे 2025 पासून दर वेळी 23 रुपयांपर्यंत शुल्क, वर कर. दुकानदाराने रात्री गल्ला मोजायचा, फाटक्या नोटा वेगळ्या काढायच्या, चालू खात्यात ठरावीक रकमेपेक्षा जास्त रोख भरली तर बँकेला पैसे द्यायचे. सुटे नाहीत म्हणून गिऱ्हाइकाच्या हातावर पाच रुपयांऐवजी चॉकलेट ठेवलं जातं, तो तोटाच की.

यूपीआयलाही खर्च येतो. तो काही अंशी सरकार उचलतं. 2024-25 साठी छोट्या व्यवहारांवर 1,500 कोटींची तरतूद होती. हे पुढेही असंच चालेल का, हा रास्त प्रश्न आहे आणि तो जरूर विचारावा.

घाटात रेंज जाते, सर्व्हर बंद पडतो; चार-पाचशे रुपये पाकिटात हवेतच, मीही ठेवतो. पण दुकानदारांनो, मेसेज वाचून क्यूआर काढून टाकू नका. आधी खात्याचं स्टेटमेंट बघा. गिऱ्हाइकाने यूपीआयला क्रेडिट कार्ड किंवा वॉलेट जोडलेलं नसतानाही पैसे कापलेले दिसले, तर बँकेत जाऊन जाब विचारा.